बरणीत तेल ओतलं म्हणून पेस्टो टिकत नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आलेलं पत्र, थोडं आवरतं घेऊन:

‘नमस्कार. लेक पुण्याला हॉस्टेलवर असते. गेल्या खेपेला तिनं बेसिलचं रोप आणून दिलं, ते गच्चीवर असं फोफावलं की काय करावं कळेना. म्हणून मिक्सरमध्ये वाडगाभर पेस्टो, म्हणजे ती इटालियन चटणी, केला. बेसिल, काजू, लसूण, चीज, ऑलिव्ह तेल. सासूबाई म्हणाल्या, लोणच्यासारखं वर बोटभर तेल राहू दे, वर्षभर हलणार नाही. चिनी मातीच्या बरणीत भरून फडताळात ठेवला. आज नववा दिवस. वरचा थर काळपट झालाय, पण वास चांगला येतो, बुरशी नाही. वरचं काढून खालचं वापरू का? परवा ह्यांनी पोळीला लावून खाल्ला, काही झालं नाही. अर्धा लेकीला पाठवायचा आहे. बाजारातली बाटली महिनोन्महिने टिकते, मग आपली का टिकू नये? कुकरमध्ये बाटल्या वाफवून ठेवल्या तर? नीट सांगा, कारण घरात सगळ्यांना तो आवडलाय.’

ताई, आधी बरणीचं सांगते, बाकीचं मागाहून. ती आजच रिकामी करा. वरचं काढून खालचं वापरू नका, बोटानं चाटून बघू नका, गरम करून खाऊ असंही म्हणू नका. लेकीला त्यातलं चमचाभरही पाठवू नका. काजू, चीज, ऑलिव्ह तेल असा महागाचा ऐवज आहे, टाकताना जीव तुटेल. तरीही टाकाच.

काळ्या थरामुळे मी हे म्हणत नाही. चिरलेलं वांगं हवेवर राहिलं की काळं पडतं, तसंच वाटलेल्या बेसिलचं होतं. दिसायला वाईट, पण त्यानं कुणी आजारी पडत नाही. धोका आहे तो खालच्या हिरव्यागार भागात, जिथं तेलामुळे हवा पोचलेलीच नाही.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जिवाणू असतात. जगात सगळीकडच्या मातीत असतात, आपल्याकडच्याही. कठीण काळात ते बीजाणू होऊन निपचित पडून राहतात. लसूण मातीतच वाढतो, आणि बेसिलच्या खालच्या पानांवर कुंडीतल्या मातीचे शिंतोडे उडतातच. कितीही धुतलं तरी ते बीजाणू सगळे निघून जातात असं नाही. एरवी त्यांचा मोठ्या माणसांना त्रास होत नाही. पण हवा बंद, ओलावा भरपूर, आंबटपणा कमी, मीठ बेताचं आणि जागा उबदार, असं सगळं एकत्र जुळून आलं की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. तुमच्या फडताळातल्या बरणीत हे सगळं जुळून आलेलं आहे. त्या विषाला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. म्हणून ‘वास चांगला येतो’ यावर विसंबता येत नाही.

असं खरंच घडलेलं आहे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवून वापरला गेला आणि तीसहून जास्त माणसं आजारी पडली. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तशीच घटना झाली, त्यानंतर तिथं तेलातल्या लसणाच्या बाटल्यांत आम्ल घालणं सक्तीचं झालं. तेलातल्या लसणापासून पेस्टो काही फार लांब नाही.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल. हा आजार दुर्मीळ आहे आणि एका पोळीपुरतं खाल्लं म्हणून तो होईलच असं मुळीच नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण लक्ष ठेवा. त्रास सुरू व्हायचा तर बहुधा १२ ते ३६ तासांत होतो, क्वचित आठवडाभरानं किंवा त्याहूनही उशिरा. एकाचं दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ जड पडून बोबडं बोलणं, घास गिळता न येणं, तोंडाला कोरड, मग मान आणि हातांतली ताकद जाणं. यातलं एकही दिसलं तर रात्र-अपरात्र न बघता थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. तिथं पोचताच घरी केलेला, तेलाखाली फडताळात ठेवलेला लसणाचा पेस्टो खाल्ला आहे, हे स्पष्ट सांगा. ही लक्षणं पक्षाघातासारखी वाटतात, त्यामुळे काय खाल्लं होतं हे डॉक्टरांना कळलं तर योग्य उपचार लवकर सुरू होतात. आणि घरात आणखी कुणी चव घेतली आहे का, तेही आज विचारून घ्या.

टाकायची रीतही सांगते, कारण आपल्याकडे कोंडाळ्यापाशी गाई आणि कुत्री असतातच. हातमोजे घाला. सगळा पेस्टो एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर घट्ट गाठ. बेसिनमध्ये ओतू नका. बरणी आणि चमचा एक भाग ब्लीच आणि आठ भाग पाणी अशा मिश्रणात अर्धा तास बुडवून ठेवा, मग साबणानं घासा. बरणी चांगली असेल तर ती टाकायची गरज नाही.

सासूबाईंना मात्र दोष देऊ नका. त्यांचा हिशेब लोणच्यासाठी अगदी बरोबर आहे, आणि त्या हिशेबावर आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्षाची बेगमी केली आहे. फक्त लोणचं तेलामुळे टिकतं असं जे आपण धरून चाललो आहोत, ते तितकं खरं नाही. लोणचं टिकतं कैरीच्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे. पदार्थाचा पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे चांगलाच आंबट असला, की हे जिवाणू वाढू शकत नाहीत, आणि कैरी त्याहून कितीतरी आंबट असते. ओलाव्यात विरघळलेलं मीठ १० टक्क्यांच्या आसपास गेलं तरी त्यांची वाढ थांबते. आपण लोणच्यात मीठ कसं मुठीमुठीनं घालतो, आठवा. वरचं तेल हवा अडवतं, म्हणजे बुरशी धरत नाही. तेवढंच त्याचं काम.

आपली कांदा-लसूण चटणीही फडताळात महिनोन्महिने राहते, तिच्यातही लसूण भरपूर असतो. पण ती भाजून, परतून, वाळल्या मिरचीत कोरडी केलेली असते. पाणीच नाही म्हटल्यावर जिवाणू वाढणार कशावर? पेस्टोत यातलं काहीच नाही. पानं ओली, मीठ चवीपुरतं, आंबटपणा जवळजवळ शून्य. वरून तेल ओतलं की हवा बंद होते, म्हणजे त्या जिवाणूंना हवी तीच सोय आपण करून देतो. पेस्टोला टिकवणारी गोष्ट आपल्या हातात एकच आहे, ती म्हणजे थंडी. सासूबाईंना एवढं सांगितलंत तर त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पटेल. कैरी कमी आंबट निघाली तर लोणचं बिघडतं, हे त्यांना पाठ असणार.

लिंबू पिळलं तर? चवीला पिळा, पण त्यानं तो बाहेर टिकेल असं समजू नका. एका लिंबानं पीएच किती खाली गेला हे घरी मोजता येत नाही, आणि आंबटपणानं पानांचा हिरवा रंगही मळकट होतो.

बाजारातली बाटली टिकते, कारण कारखान्यात आम्लाचं प्रमाण मोजून घातलेलं असतं आणि बाटली ठरावीक उष्णता देऊन बंद केलेली असते. तीसुद्धा उघडली की फ्रीजमध्येच ठेवायची आणि वर लिहिलेल्या दिवसांत संपवायची. कुकरचं म्हणाल, तर साध्या उकळत्या पाण्यानं हे बीजाणू मरत नाहीत. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि बीजाणू मारायला १२१ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. कुकरमध्ये दाबाखाली तापमान तिथपर्यंत जाऊ शकतं, पण घट्ट, तेलकट पेस्टोच्या मध्यापर्यंत ती उष्णता पोचायला किती वेळ लागेल, याचं घरगुती भरणीसाठी तपासलेलं कोष्टकच नाही. किती शिट्ट्या, हे कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. आणि इतकं शिजवल्यावर बेसिल करपट तपकिरी होईल, चीज फाटेल, मग राहिलं काय?

आता करायचं कसं. पेस्टो इटलीतल्या जेनोआचा. तिथं तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं कुटतात, आणि मुळात तो ताजा करून त्याच जेवणात संपवायचा पदार्थ आहे. वर्षाची बेगमी करावी असा नाहीच. तेव्हा पहिली सवय अशी लावा की एका वेळी एका जेवणाइतकाच करायचा, आणि जास्त झाला तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये घालायचा.

चार-पाच माणसांच्या पास्त्याला ५० ग्रॅम पानं, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम काजू, ४० ग्रॅम किसलेलं कडक चीज, लसणाच्या एक-दोन लहान पाकळ्या, पाव ते अर्धा चमचा खडा मीठ आणि ८० ते १०० मिलिलिटर तेल पुरे होतं. इटलीत काजूऐवजी चिलगोझ्यासारखे पाइन नट घालतात. आपल्याला त्याचा हट्ट कशाला? आजरा-चंदगडचा काजू आपल्या जिल्ह्यातला, गोडसर आणि मऊ, पेस्टोला छान जुळतो. मंद आचेवर जेमतेम गरम करा, लाल करू नका. अक्रोडही चालतो. शेंगदाणा मला इथं पसंत नाही, त्याची चव बेसिलच्या वर चढते आणि मग ती आपली शेंगदाण्याची ओली चटणी होते. चीजबद्दल एक सांगायला हवं. अस्सल पार्मिजानो रेजानो वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. घरात शाकाहार कडक असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. क्यूबचं प्रोसेस्ड चीज घेतलंत तर मीठ जवळजवळ वगळा, त्यात आधीच खूप असतं.

तुळस वापरू नका. तिची चव लवंगेसारखी तिखट आणि कडवट होते, आणि अंगणातल्या तुळशीची चटणी वाटणं सासूबाईंनाही रुचणार नाही. सब्जाचं रोप मात्र बेसिलच्याच जातीचं. वास थोडा उग्र असतो, पण निम्मं बेसिल आणि निम्मा सब्जा असं जमून जातं.

पानं सकाळी खुडा, धुवा आणि सुती पंचावर पसरून अगदी कोरडी करा. पाणी राहिलं तर पेस्टो पचपचीत होतो आणि लवकर बिघडतो. खुडलेली पानं फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीनं ती काळी पडतात. जुडी असेल तर पेल्यात पाणी घालून ओट्यावर उभी ठेवा.

घरात खलबत्ता असेल तर एकदा त्यात करून बघा. आधी लसूण आणि मीठ, मग काजू, मग पानं थोडी-थोडी घालून गोल चेपत, मग चीज, शेवटी तेल. मिक्सरच्या पेस्टोपेक्षा हा वेगळा लागतो, पानं कापली न जाता चेंगरली जातात आणि वास मोकळा होतो. मिक्सरच वापरणार असाल तर चटणीचं भांडं अर्धा तास फ्रीजमध्ये थंड करा आणि एक-एक क्षण थांबत फिरवा, सलग फिरवून गरम होऊ देऊ नका. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरच्या पात्यात घोटू नका, ते कडू होतं. बाकीचं वाटून घ्या आणि तेल वाटीत चमच्यानं कालवा. आपलं घाण्याचं शेंगतेल घालून बघावंसं वाटेल, पण त्याचा वास दांडगा. ऑलिव्ह परवडत नसेल तर सूर्यफुलाचं तेल घ्या.

फ्रीजमध्ये तो जास्तीत जास्त चार दिवस ठेवा, ४ अंशांच्या आसपास, आतल्या कप्प्यात. दारात ठेवू नका, फ्रीजचं दार सगळ्यांत गरम. काचेची लहान बाटली घ्या, पेस्टो चेपून भरा, वर तेलाचा पातळ थर द्या. हा थर रंगासाठी आहे. त्यामुळे एक दिवसही वाढवून मिळत नाही. थंडीनं तेल गोठून पांढुरकं दिसेल, ती खराबी नव्हे. दोन आठवडे, महिना राहतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. फ्रीजमध्ये जिवाणूंची वाढ मंदावते, पूर्ण थांबतेच असं नाही, म्हणून मी चार दिवसांवर ठाम आहे. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला परत फ्रीजमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एकच तास धरा.

फ्रीझर हाच खरा उपाय. बर्फाच्या ट्रेमध्ये पेस्टो भरा, वर तेलाचा थेंब सोडा, रात्रभर कडक होऊ द्या. मग वड्या काढून झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. हा ट्रे वेगळाच ठेवा, नाहीतर पुढं सरबतात लसणाचा वास येतो. चीज आधी न घालता गोठवलंत तर उत्तम. वडी वितळल्यावर ताजं किसून घातलं की चव आणि पोत दोन्ही चांगले लागतात. हिरवा रंग हवाच असेल तर पानं उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, घट्ट पिळून कोरडी करा, मग वाटा. वास किंचित उतरतो, रंग मात्र राहतो. उणे १८ अंशांवर तीन-चार महिने चव चांगली राहते.

तुमचा फ्रीज एकदारी असेल तर वरच्या लहान कप्प्यात आइस्क्रीम दगडासारखं राहतं का बघा. मऊ पडत असेल तर महिन्याभरात वड्या संपवा. आणि बर्फ साचल्यावर आपण वितळवायचं बटण दाबतो, त्या दिवशी वड्या आधी वापरून टाका. एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवायची नाही. वितळवायची तीही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किंवा थेट गरम पास्त्यात. ओट्यावर नाही.

वीज जाण्याचंही आधीच ठरवून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते कोल्हापुरात सांगायला नको. दार न उघडता ठेवलं तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. खालचा फ्रीज मात्र चारच तास. वीज आल्यावर वड्या अजून कडक असतील, आत बर्फाचे कण दिसत असतील, तर ठेवा. पाणी सुटून मऊ झाल्या असतील आणि किती वेळ तशा होत्या हे माहीत नसेल, तर टाका. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणूनच साठा कमीच ठेवावा.

लेकीला पाठवायचं तर आधी हॉस्टेलवर फ्रीझर आहे का विचारा. असेल तर कोणी गाडीनं जाणार असेल तेव्हा दगडासारख्या वड्या थर्मासच्या डब्यात, भोवती बर्फाच्या पिशव्या लावून द्या. पुण्याला जायला पाच-सहा तास लागतात, पोचल्यावर कडक असतील तरच तिनं ठेवून घ्यायच्या. एसटीच्या पार्सलनं किंवा कुरिअरनं मुळीच नको, वाटेत डबा कुठं किती वेळ पडून राहील हे कुणाच्या हातात नसतं. फ्रीझर नसेल तर तिला पेस्टो पाठवू नका, कोरडे भाजलेले काजू, चीजचं पाकीट आणि बेसिलच्या दोन-चार फांद्या द्या. ती मैत्रिणीच्या मिक्सरवर तिथल्या तिथं करून घेईल. कांदा-लसूण चटणी तर तुम्ही देतच असाल.

मुलाच्या डब्यात पेस्टो लावलेलं सँडविच थंडीच्या दिवसांत, पहिल्या सुट्टीत खाणार असेल तरच द्या. उन्हाळ्यात दुपारपर्यंत डबा तापतो, तेव्हा नकोच. घरी पास्ता करताना पेस्टो आचेवर परतू नका. मोठ्या भांड्यात पेस्टो घ्या, पास्ता शिजवलेलं पाणी दोन-तीन पळ्या घालून सैल करा आणि गाळलेला गरम पास्ता त्यात कालवा. त्या पाण्यातल्या पिठूळपणानं तो छान चिकटतो. मिसळीबरोबरचा स्लाइस ब्रेड उरला असेल तर तव्यावर कडक भाजून त्यावर लावा. आणि गरम शाळूच्या भाकरीवर लावलेला पेस्टो सासूबाईंना नक्की आवडेल.

राहिलं गच्चीवरचं रोप. ते फोफावलं म्हणून एकदम सगळं खुडायची गरज नाही. दर आठवड्याला शेंडे, पानांच्या जोडीच्या अगदी वर, कापत राहा, तेवढ्यात एका जेवणाचा पेस्टो होतो आणि रोप बाजूनं भरत जातं. तुरे दिसले की लगेच खुडा, नाहीतर पानं कडवट होतात. आपला पावसाळा त्याला सोसत नाही. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात, पानांखाली करडी बुरशी येते. जूनच्या आधी कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात घ्या, आणि बोटभर लांबीच्या तीन-चार फांद्या पेल्यातल्या पाण्यात ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. मोठं रोप पावसानं गेलं तरी या फांद्यांपासून दिवाळीपर्यंत नवी कुंडी तयार होईल.